टँकरच्या वाटेवरची शाळा

शाळेतली सगळ्यात धोक्याची वेळ कोणती, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, शाळा सुटल्याची घंटा झाली की पुढची चार मिनिटं. आत असेपर्यंत लेकरू आमचं असतं, घरी पोचलं की आईबापाचं. मधली चार मिनिटं ते कोणाचंच नसतं. माझ्या नोकरीतला सगळ्यात वाईट दिवस आणि सगळ्यात चांगला दिवस, दोन्ही त्या चार मिनिटांच्या आसपासचे आहेत.

एकतीस वर्षं मी शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. बाहेरच्या लोकांना वाटतं, मुख्याध्यापिका म्हणजे खुर्चीत बसून सह्या करणारी बाई. आमच्यासारख्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, कारकून नसतो. घंटा आपणच द्यायची, कुलूप आपणच लावायचं, खिचडीचा तांदूळ उंदरांपासून आपणच राखायचा आणि यातून वेळ उरला तर शिकवायचं. आम्ही पाच जण होतो आणि मुलं एकशे ऐंशीच्या आसपास, पहिली ते सातवी.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शोधायला गेलात तरी सापडणार नाही. गाव गेलं आणि त्याचा वॉर्ड झाला. मी तिथं रुजू झाले तेव्हा औरंगाबाद शहर आणि शाळा यांच्यामधे ज्वारी-कापसाची रानं होती. मग रानांत पांढरे दगड रोवले गेले, प्लॉट पडले, वसाहतींना देवांची आणि फुलांची नावं मिळाली. सिल्लोड, कन्नडकडून कामाला आलेली माणसं या नव्या घरांचे पाये खणायला आली आणि त्यांची लेकरं आमच्या शाळेत आली. शाळेच्या फाटकासमोरून पूर्वी बैलगाडीची वाट जायची. ती डांबरी झाली, पण रुंदी बैलगाडीचीच राहिली.

त्यात ती कोरडी सालं लागली. एक पावसाळा हुकला, मग दुसराही. वसाहतींत घरं पोचली होती, नळ अजून पोचायचे होते. शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर एका जुन्या विहिरीला तेवढं पाणी टिकलं होतं. तिथून टँकर भरायचे आणि सगळ्या वसाहतींना वाटायचे. जाताना रिकामे आणि येताना भरलेले, असे ते दिवसभर आमच्या फाटकासमोरून पळत. ड्रायव्हरला मजुरी खेपेवर. त्यामुळं ब्रेक मारणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं नुकसानच. भरलेल्या टँकरमधून सांडणाऱ्या पाण्यानं फाटकासमोर कायमचा चिखल. सगळा तालुका कोरडा आणि आमच्या दारात चिखल.

मी काय केलं? पत्रं लिहिली.

आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली. वडील म्हणायचे, तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, जावक क्रमांक पडलेलं कागदावर राहतं. मी तीच शिकवण घेऊन वाढले. फाटकासमोर गतिरोधक हवा, फलक हवा, रस्त्याच्या कडेला कठडा हवा, असं मी एका कचेरीला लिहिलं. त्यांनी कळवलं, रस्ता आमच्याकडे नाही. दुसऱ्या कचेरीला लिहिलं, त्यांनी कळवलं, हस्तांतराचं काम चालू आहे. तिसऱ्या कचेरीनं पहिल्या कचेरीकडं बोट दाखवलं. मी स्मरणपत्रं पाठवली आणि प्रत्येकाची पोच नीट लावून ठेवली. ती फाईल पाहून तपासणीला आलेल्या साहेबांनी माझं कौतुक केलं होतं आणि मला ते आवडलंही होतं. हे लिहायला अवघड जातंय, पण खरं आहे.

जानेवारीतला मंगळवार होता. घंटा झाली, मुलं सुटली. मी चौथीच्या वर्गाची खिडकी लावत होते. बाहेरून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि मग एकदम शांतता. शाळा सुटल्यावर शांतता कधी नसते. मी धावले.

चौथीतली रुखसार चिखलात बसली होती. तिची चप्पल रुतली म्हणून ती वाकली होती आणि टँकरचं मागचं चाक तिच्या उजव्या पायाच्या पुढच्या भागावरून गेलं होतं. ती रडत नव्हती. माझ्याकडं बघून म्हणाली, "म्याडम, चप्पल टूट गयी." मी तिला उचललं. सहावीच्या बाईंनी रिक्षा थांबवली आणि तिला मांडीवर घेऊन घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात गेल्या. रुखसारची आई नजमा जवळच एका बांधकामावर विटा वाहायची. तिला निरोप देऊन मी मागं वळले, तोवर फाटकाशी पन्नास माणसं जमली होती आणि त्यांनी ड्रायव्हरला खाली ओढलं होतं.

तो पळाला नव्हता, एवढं मला दिसलं होतं. तिशीच्या आतबाहेरचा माणूस, शर्ट फाटलेला, नाकातून रक्त. मी कधी आयुष्यात कोणाच्या अंगाला हात लावून ओढलं नव्हतं. त्या दिवशी त्याच्या दंडाला धरून ओढत ऑफिसात नेलं, आत ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

"बाई, दार उघडा. तुमी मदी पडू नका," एक पालक म्हणाले. त्यांची दोन मुलं माझ्याकडंच शिकत होती.

"मी मधेच उभी आहे," मी म्हटलं. "उद्या तुमची मुलं मला विचारतील, बाई, शाळेत काय झालं. काय सांगू?"

आतून तो दार वाजवून एकच विचारत होता, "म्याडम, लेकरू जित्तं हाय ना? जित्तं हाय ना?"

मी जिवंत आहे म्हणून सांगितलं. खरं काय ते मलाही माहीत नव्हतं.

पोलीस ठाण्याचे जमादार आले ते मोटारसायकलवर एकटेच. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले गृहस्थ. त्यांनी काठी उगारली नाही. व्हरांड्यात खुर्ची मागितली, वही उघडली आणि म्हणाले, "कोणी कोणी डोळ्यांनी पाह्यलं? एकेकानं नाव सांगा, साक्षीला लागतंय." पाच मिनिटांत गर्दी निम्मी झाली. मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी माठातलं पाणी दिलं. पेला रिकामा करून त्यांनी विचारलं, "कुठलं हो पाणी? गोड हाय."

शाळेचा माठ रोज सकाळी त्याच टँकरवरून भरला जायचा.

रुखसार वाचली. पायाची दोन बोटं गेली. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला, दोन दिवसांत त्याचा जामीनही झाला. त्याचं नाव संतोष, गाव पिशोर.

दुसऱ्या दिवशी पालकांनी रस्त्यावर दगड आणून टाकले. शाळेसमोरून एकही टँकर जाणार नाही, असं ठरलं. मला बरं वाटलं. फक्त दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वसाहतींतल्या बायका रिकामे हंडे घेऊन शाळेत आल्या. "तुमच्या शाळेपायी आमी तहानेनं मरायचं का?" हे त्या मला विचारत होत्या. रस्त्याच्या अलीकडं पालक, पलीकडं बायका, मधे दगड. गंमत म्हणजे अर्धे लोक दोन्हीकडचे होते. हंडा घेऊन आलेल्या बाईचं लेकरू आत परिपाठाला उभं होतं.

तेव्हा नजमा आली. दवाखान्यातून सरळ आली होती, तीन दिवसांचे तेच कपडे. सगळ्यांना वाटलं, आता ही रडेल, शिव्या देईल. ती दगडांपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "टँकर रोकको क्या होता? मेरी बच्ची का पाँव आता क्या? हमारे घर में बी उसीच का पानी है." मग माझ्याकडं वळली. "म्याडम, दिनभर कायको रोकना? घंटी के टैम पे रुके तो बस है ना?"

माझ्या फाईलमधे गतिरोधक होता, फलक होता, कठडा होता. ज्यांच्या हातात स्टिअरिंग होतं त्यांना थांबा म्हणून सांगावं, हे एकाही पत्रात नव्हतं. ती विहीर शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर होती आणि मी तिथवर एकदाही चालत गेले नव्हते.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बैठक घेतली. जमादार आले. पाणीवाटपाचं काम बघणारे एक तरुण इंजिनिअर आले. त्यांना वाटलं होतं मोर्चा आहे, म्हणून ते चपला न काढता पायरीवरच उभे होते. पालक आले, हंडेवाल्या बायका आल्या. टँकरचे सात-आठ ड्रायव्हर आले आणि त्यांच्या मागं मान खाली घालून संतोषही आला. कोणीतरी कुजबुजलं, पण नजमानं हातानं थांबवलं.

मी विचारलं, "तुम्ही एवढं पळवता कशाला?"

उत्तर संतोषनं दिलं. "म्याडम, भरायला पाव घंटा लागतोय. विहिरीवर नंबर लागतोय. जो आधी पोचंल त्याचा नंबर. आमी पळतो ते नंबर धरायला. तिथं जाऊन पुन्हा उभंच ऱ्हायचं असतंय."

"म्हणजे नंबर आदल्या दिवशीच ठरला तर?"

"तर कोन कशाला पळंल? आमाला काय हौस हाय का?"

इंजिनिअर साहेबांनी चपला काढल्या आणि वर येऊन बसले. त्यांनी रोज संध्याकाळी उद्याचे नंबर विहिरीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं कबूल केलं. फळा आणि खडू शाळेनं दिला. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि सुटताना अर्धा-अर्धा तास टँकर विहिरीवरच थांबणार, हे ड्रायव्हरांनी मान्य केलं. जमादार म्हणाले, "मी रोज येऊ शकत नाय. पण रोज येईन असं समजूनच वागा." फाटकावर कोण उभं राहणार, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळे माझ्याकडं बघायला लागले. नजमा म्हणाली, "मैं रहती." तिच्यापाठोपाठ आणखी पाच जणींनी नावं दिली. एकीनं जुन्या लाल परकराचा झेंडा शिवून आणला. असा झेंडा मी कुठल्याच परिपत्रकात पाहिला नव्हता.

आता नामदेव आबांची गोष्ट सांगायला हवी.

लहान वर्गांना रस्त्यावर सोडूच नये, असं आमचं ठरलं होतं. शाळेच्या मागच्या भिंतीला एक खिंडार होतं आणि तिथून बांधाबांधानं वस्तीत जाता येत होतं. पण ते रान नामदेव आबांचं. सत्तरीचे, ताठ, गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. आजूबाजूची सगळी रानं विकली गेली तरी त्यांनी आपलं उरलेलं विकलं नव्हतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी चहा दिला आणि नाही म्हणाले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा चहाही दिला नाही.

"बाई, आज तुमी वाट मागता," ते म्हणाले. "उद्या तुमची बदली व्हईल. परवा कोनीतरी कोर्टात जाईल आन् म्हनंल, ही वहिवाट हाय."

"मी लिहून देते तसं काही होणार नाही म्हणून. शिक्का मारून देते."

"कागद लई पाह्यले. माझं अर्धं रान कागदानंच गेलं."

मला राग आला होता, पण बोलणार काय? माझा कागदावरचा विश्वास तेव्हा नुकताच हलला होता. तिसऱ्यांदा मी गेले नाही, तेच शाळेत आले. भिंतीचं खिंडार बघितलं, बांध बघितला, पहिलीचा वर्ग बघितला. मग म्हणाले, "एक करा. फाटक मी बसवतो. कुलूप माझं, चावी माझी. दहाला मी उघडीन, पाचला मी लावीन. माझ्या हातानं उघडलं म्हंजे माझ्या मर्जीनं उघडलं. मग वहिवाट कुठून आली?"

अशा रीतीनं संशयापोटी आम्हाला द्वारपाल मिळाला. पाऊस असो, ऊन असो, लग्नाचा मुहूर्त असो, आबा दहाला हजर. मुलांच्या आडून दुसरं कोणी आपल्या रानातून जातंय का, हे बघायला ते प्रत्येक डोकं मोजायचे. संध्याकाळी ऑफिसच्या खिडकीशी येऊन म्हणायचे, "सकाळी एकशे सात आले. आता एकशे पाच गेले. दोन कुठंयत?" बघावं तर दोघं मधल्या सुट्टीत घरी पळालेले असायचे. आमच्या हजेरीत जे सापडायचं नाही ते आबांना सापडायचं. महिन्याभरात त्यांना नावंही पाठ झाली. पण मी आभार मानले की म्हणायचे, "मी माझ्या रानाची राखन करतोय."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला. साडेचारच्या सुमाराला आभाळ काळं झालं, वारं सुटलं आणि लिंबाएवढ्या गारा पडायला लागल्या. पत्र्यावर एवढा आवाज की समोरचं बोलणं ऐकू येईना. आम्ही मुलांना भिंतीकडं सरकवून बसवलं. पाचला दहा कमी असताना गारा थांबल्या आणि मुलं दप्तरं आवरायला लागली. घंटा देण्यासाठी मी उठले, तेवढ्यात फाटकावरून नजमाचा आवाज आला. ती ओरडणारी बाई नव्हती. त्या दिवशी ओरडली.

"म्याडम, घंटी नक्को! तार गिरी!"

फाटकासमोरचा विजेचा खांब कलला होता आणि तार तुटून टँकरच्या त्याच चिखलात पडली होती. आता तिथं घोटाभर पाणी होतं. नजमा पाण्यापासून लांब, कोरड्या ओट्यावर चढून झेंडा हलवत होती आणि घरी निघालेल्या मजुरांना मागं सारत होती. गारांमुळं वसाहतीत अडकून उशीर झालेला एक रिकामा टँकर पलीकडून आला. तो तिनं लांबच थांबवला. ड्रायव्हरनं खाली उतरून पाहिलं, परत चढला आणि टँकर रस्त्यात आडवा लावला. तिकडून सायकलसुद्धा येऊ शकेना. तो संतोष होता.

वायरमनचा नंबर आम्ही ऑफिसच्या भिंतीवर रंगानं लिहून घेतला होता, ठाण्याच्या नंबराशेजारी. मी फोन लावला. लाइन बंद केल्याचा उलटा फोन येईपर्यंत एकही मूल जागचं हलवायचं नाही, असं मी वर्गावर्गात जाऊन सांगितलं. आयुष्यात एवढी लांब वीस मिनिटं मी काढली नाहीत. फोन आला, लाइन बंद झाली होती. तरीही पुढच्या फाटकानं कोणाला सोडायचं नव्हतं. मी मागं गेले तर आबा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन फाटक उघडून उभे. कपाळाला गार लागून टेंगूळ आलेलं.

"आज सगळीच लेकरं हिकडून सोडा," ते म्हणाले. "मोठ्या वर्गाचीबी."

"आबा, मोठ्या मुलांचं आपलं ठरलं नव्हतं. बांधालगतचा हरभरा तुडवला जाईल."

"तुडवू द्या. वर्षाला येतोय हरभरा."

एकामागं एक मुलं बाहेर पडली. आबा मोठ्यानं मोजत होते. एकशे चौऱ्याहत्तर. आमची त्या दिवशीची हजेरीही तेवढीच होती. शेवटची मुलगी रुखसार, कारण ती हळू चालायची. आबांनी तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि तिच्याबरोबर वस्तीपर्यंत गेले. मागचं फाटक त्या दिवशी पहिल्यांदा रात्रभर उघडं राहिलं.

घरी जाऊन मी स्वयंपाकघरात बसून रडले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर सांगता येईना, कारण काहीच झालं नव्हतं. आमच्या कामात काहीच न होणं हीच मिळकत असते आणि ती कोणाला दाखवता येत नाही.

रुखसार सातवीपर्यंत आमच्याकडंच शिकली. थोडी लंगडायची, कबड्डीत मात्र चढाईला पहिली. तिचा पाय पाहिला की मला ती फाईल आठवायची. मी अर्धा किलोमीटर वर्षभर आधी चालले असते, एका ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारला असता, तर तिची बोटं राहिली असती. हे मी एकदा नजमाला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "म्याडम, आपकू जब समझा तब समझा. समझे नहीं सो बी लोगां है ना." मी ते माफी म्हणून घेतलं. तिनं तसं दिलं होतं की नाही, ठाऊक नाही.

मग एक चांगला पावसाळा झाला. वसाहतींत नळ आले, विहिरीवरचा फळा परत शाळेत आला, टँकर थांबले. मला वाटलं, आता बायका यायच्या बंद होतील. पाचला दहा कमी असताना बघितलं तर झेंडा घेऊन दोघी फाटकावर उभ्या. मी म्हटलं, "आता कशाला? टँकर गेले की." त्यातली एक म्हणाली, "टँकर गेले तर डंपर आले, बाई. आन् लेकरं कुठं गेलीत? ती तर हायेतच."

मी निवृत्त झाले तेव्हा नवे मुख्याध्यापक चार्ज घ्यायला आले. तरुण, हुशार, सगळं काम मोबाइलवर करणारे. बाकं, कपाटं, खिचडीची पातेली, सगळ्याची यादी झाली. यादी संपल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, फाटकावर बायका उभ्या असतात, मागच्या दाराला एक आजोबा असतात. यांच्या नेमणुका कोणत्या पत्रानं झाल्यात?"

"पत्र नाही."

"मग उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर हाच विचारला असता. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात नजमा न विचारता आत आली. टेबलापाशी थांबून त्यांना म्हणाली, "सर, कुर्सी जरा सरकाव. झेंडा तुमारे पीछे है."

ते उठले. खुर्ची बाजूला केली, कोपऱ्यातला झेंडा काढून तिच्या हातात दिला. ती निघून गेली. ते मला म्हणाले, "मॅडम, मीही जरा फाटकावर जाऊन बघतो." आणि तिच्या मागोमाग बाहेर गेले.

ते चांगले अर्ध्या तासानं परतले, बुटांना चिखल लावून आणि बायकांशी काही बोलतच. तोवर ऑफिस बंद करायची वेळ झाली होती. चार्जच्या यादीवर त्यांची सही घ्यायची राहूनच गेली. त्यासाठी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत जावं लागलं.